मोठ्या चित्रातलं तोंड

आमच्या कुंभार पिंपळगावात एक काळ असा होता, की इंद्रभान पेंटरचं अक्षर वाचल्याशिवाय माणूस बाजारातून घरी जाऊ शकत नसे. किराणा दुकान, कृषी केंद्र, पिठाची गिरणी, शाळेची भिंत, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरचं 'आईचा आशीर्वाद', सगळं त्याच्या हातचं. माझ्या दुकानाचा बोर्डही त्याचाच. 'नथमल हार्डवेअर' मधला 'थ' त्याने मुद्दाम पोट सुटलेला काढलाय. मी जाब विचारला तर म्हणाला, "शेठ, मालकाकडं बघून काढला." मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि बोर्ड तसाच टांगला. अजून तसाच आहे.

मी रंग विकतो. पणजोबा मारवाडातून आले ते भांडी घेऊन, वडिलांनी खिळे-पत्रे सुरू केले, मी त्यात रंगाचे डबे आणले. डबे विकतो म्हणून चित्रातलं कळतं असा माझा दावा नाही. पण इंद्रभान आणि मी एका वर्गात होतो. तो वहीच्या मागच्या पानावर मास्तरांचं तोंड काढायचा आणि हसलो म्हणून छड्या मी खायचो. तेव्हापासून मी त्याच्या चित्रांची किंमत मोजत आलोय म्हणा ना.

इंद्रभान धनगराच्या घरातला. त्याचा बाप मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, जायचा. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी आपली ओळखू यावीत म्हणून मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करायची असते. ते काम बापाने एकदा ह्याच्यावर सोपवलं. संध्याकाळी बाप बघतो तर एकेका मेंढराच्या पाठीवर वेल आणि फुलं. बापाने चांगलाच बदडला. इंद्रभान हे सांगताना अजून हसतो आणि म्हणतो, पहिलं प्रदर्शन तिथंच झालं आपलं.

मग फ्लेक्स आला. त्या फ्लेक्सला मी आजही शिव्या देतो, आणि त्याच्या लोखंडी चौकटी माझ्याच दुकानातून जातात हेही कबूल करतो. एका रात्रीत हजार चेहरे छापून देणाऱ्या यंत्रापुढे हाताने 'श्री' काढणारा माणूस कुठवर टिकणार? इंद्रभान घरांच्या भिंती रंगवायला लागला. कुरकुर केली नाही. फक्त काम नसलेल्या दिवशी एक पत्र्याची पेटी घेऊन रानात जाऊन बसायला लागला.

त्या पेटीत तैलरंगाच्या ट्यूबा असायच्या. त्या मी जालन्याहून मागवून द्यायचो. माझ्या दुकानातले रिकामे खोके तो घेऊन जायचा, पुठ्ठ्याचे दोन थर सरसाने चिकटवायचा, वरून प्रायमरचा हात द्यायचा आणि त्यावर चित्र काढायचा. वहीपेक्षा मोठा पुठ्ठा कधी नसे. बांधावर बसायचं, समोर जे असेल ते काढायचं, आणि ऊन सरकायच्या आत उठायचं. "उन्हाला लई घाई राहती शेठ," म्हणायचा. "ते थांबत न्हाई, मंग आपुनच जल्दी करायचं." त्याच्या घराच्या भिंतीवर खिळ्याला खिळा लागून हे पुठ्ठे. बाभळी, नाला, मळणीयंत्राची धूळ, शेळ्या. मी त्यांना पोस्टकार्ड म्हणायचो.

त्यातलंच एक पोस्टकार्ड शालूचं.

शालू म्हणजे त्याची एकुलती लेक. तिला दिली होती तिकडे टेंभुर्णीला, अंगद नावाच्या चांगल्या मुलाला. जालना जिल्ह्याच्या ह्या टोकाची मुलगी त्या टोकाला. दिवाळसणाला ती माहेरी आली होती आणि आल्याबरोबर पदर खोचून आईबरोबर कापूस वेचायला गेली. इंद्रभानची बायको कडूबाई हिला लेकीला दोन दिवस बसवून खाऊ घालायचं होतं, पण ती पोरगी बसणारी नव्हती. उन्हं कलली होती. कमरेला बांधलेल्या झोळीत कापूस भरून शालू वाकली होती, आणि इंद्रभानने बांधावर बसून ते काढलं. पाठ, वाकलेली मान, हिरव्या लुगड्याचा एक फराटा, पांढऱ्या कापसाचे ठिपके, आणि तोंडाच्या जागी ब्रशचा एकच टिपका.

शालू जवळ येऊन बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, माझं तोंड कुठंय ह्याच्यात?"

"हे काय."

"हा तर टिपका हाय नुस्ता."

"लहान चित्रात तोंड मावत न्हाई बाई. मोठं करीन तवा काढीन."

"मोठं कवा करसाल?"

"पुढच्या दिवाळीला ये. तयार करून ठिवतो."

"बराबर काढा मंग. माझ्यावानी काढा. मायवानी नका काढू." ह्यावर कडूबाईने तिला कापसाचं बोंड फेकून मारलं. हे सगळं मला इंद्रभाननेच सांगितलंय, कितीदा ते विचारू नका.

पुढची दिवाळी आलीच नाही. म्हणजे आली, सगळ्यांकडे आली, शालू नव्हती. भादव्यात महालक्ष्म्या उठल्या त्याच आठवड्यात तिला ताप भरला. डेंग्यू होता. अंगदने जराही हयगय केली नाही, लगेच जालन्याच्या दवाखान्यात नेलं, रक्त दिलं, जे करायचं ते सगळं केलं. कडूबाई तिथं पोचली तेव्हा लेक बोलत नव्हती. तोंड सुजून गेलं होतं, डोळे सुजेत बुडाले होते. त्या तोंडाकडे बघतच कडूबाईने लेकीला निरोप दिला.

मी मातीला गेलो होतो. कडूबाई एवढंच म्हणाली, "तिचं नाव बी कडूच ठिवायला पायजे होतं." आमच्याकडे आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याचं नाव असं ठेवतात, दगडू, धोंडू, कडू, म्हणजे नजर लागत नाही. कडूबाईचं नाव तसंच पडलं आणि ती जगली. स्वतःच्या लेकीचं नाव मात्र तिने हौसेने ठेवलं होतं. तिचं ते बोलणं ऐकून मला तिथं उभं राहवेना.

त्यानंतर कडूबाईला एकच दुखणं लागलं. डोळे मिटले की तिला ते सुजलेलं तोंड दिसायचं. पोरीचं वीस-एकवीस वर्षांचं हसरं तोंड त्या एका तोंडाखाली गाडलं गेलं. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी चित्रं काढता ना? मंग तिचं खरं तोंड काढून द्या. मला हे पुसायचंय." इंद्रभानने भिंतीवरचं ते पोस्टकार्ड उतरवलं आणि माझ्याकडे आला. घरात मोठं चित्र मावणार नाही, तुमचं मागचं शेड द्या म्हणाला. मी शेडमधले पत्रे बाजूला सरकवले.

सुताराकडून दाराएवढी चौकट करून घेतली. तिच्यावर मांजरपाट ताणला, सरस लावला, प्रायमर दिला. मग लहान चित्राच्या कडेला बारीक खिळे ठोकून त्याने आडवे-उभे दोरे बांधले. रंगाला पेन्सिल लावायची नव्हती त्याला. मोठ्या कापडावर कोळशाने तेवढेच चौकोन आखले. लहान चौकोनात जे, ते मोठ्या चौकोनात. बोर्डवाल्याला हे काम हातखंडा, मी म्हटलं, आठवडाभरात उरकेल.

पहिल्या खेपेला जे उभं राहिलं ते बघून मला हसू आवरेना. आयुष्यभर अक्षरांना सावली मारणारा हात तो. प्रत्येक बोंडाला धारदार कड आणि उजवीकडे खाली काळी सावली. मी म्हटलं, "पेंटर, खाली 'कापूस योग्य भावात घेतला जाईल' एवढं लिहायचं राहिलंय." तोही हसला. शालू गेल्यानंतर पहिल्यांदा हसला. मग चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्याने सगळ्या कडा पुसून टाकल्या आणि पुन्हा लागला.

तेव्हा मला कळलं की लहान चित्र मोठं करणं म्हणजे चौकोन मोजणं नव्हे. लहान पुठ्ठ्यावर जमिनीचा एक फटकारा होता, तो मोठ्या कापडावर तसाच ओढला तर नुसती चिखलाची पट्टी दिसायची. तिथं ढेकळं हवीत, पाचोळा हवा, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या हव्यात. पण ते सगळं घातलं की मूळची ती उतरती दुपार पळून जायची. इंद्रभान एक हात मारायचा, पुठ्ठा शेजारी धरायचा, मान हलवायचा. शेडमध्ये ट्यूबलाइट होती. तिच्याखाली बराबर वाटलेला रंग बाहेर उन्हात नेला की वेगळाच निघायचा. म्हणून आम्ही दोघं ते अवजड धूड दारापर्यंत उचलून न्यायचो आणि परत आणायचो. माझी कंबर त्या चित्राने मोडली. कुणी विचारलं तर सांगतो, सिमेंटच्या पोत्याने मोडली.

उन्हाळा संपेपर्यंत जमीन जमली, आभाळ जमलं, बांधावरच्या बाभळी जमल्या. वाकलेली पाठ अशी जमली की बघताना आपलीच पाठ भरून यावी. राहिलं तोंड.

तुम्ही म्हणाल, फोटो असतील की. तर ऐका. लग्नाच्या अल्बममध्ये पार्लरवालीने पोरीला असं थापलं होतं की ती शालू आहे हे नवरदेवाच्या नावावरून ओळखावं लागे. आणि फोनमध्ये तिचे शेकडो फोटो, सगळे गुलाबी. शालू सावळी होती, पावसाने भिजलेल्या आपल्या रानासारखी. फोनमधली शालू पांढरी फटक, गाल गुळगुळीत, डोळे मोठे, एका फोटोत तर डोक्याला सशाचे कान. आमच्या रुचीला, म्हणजे माझ्या धाकट्या मुलीला, मी म्हटलं, हा गुलाबीपणा काढून टाक बाई, तुला सगळं येतं ना फोनमधलं. तिने बराच वेळ खटपट केली आणि म्हणाली, "पापा, फोटो निघतानाच तसा निघालाय. मागं खरा फोटो नाहीच आहे." मला इतका राग आला त्या फोनचा! पोरींना स्वतःचा रंग लपवायला शिकवणारं यंत्र, आणि ते आम्हीच हौसेने घेऊन देतो. आधार कार्डावर एक फोटो होता, पण त्यावर तर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

तरी इंद्रभानने अल्बमवरून नाक घेतलं, फोनवरून हनुवटी घेतली आणि तोंड काढलं. मी म्हटलं, छान आहे. कडूबाई उलट्या घातलेल्या रंगाच्या बादलीवर बसली होती. रोज दुपारी भाकरी घेऊन यायची आणि तिथंच बसायची. ती म्हणाली, "ही न्हाई."

इंद्रभानने पत्र्याच्या पट्टीने तोंड खरवडून काढलं. दुसरं काढलं. "ही माझ्या भावाच्या पोरीवानी दिसून राह्यली." खरवडलं. तिसरं काढलं तेव्हा ती नुसती डबा उचलून निघून गेली. नाक-डोळे चुकत नव्हते. पण फोटोतलं तोंड समोरून, दिव्याच्या उजेडात काढलेलं. चित्रातली शालू खाली वाकलेली, तिच्या तोंडावर वरून ऊन नाही, खालून कापसाचा पांढरा उजेड आलेला. त्या जागेवरून तिचा फोटो कुणी काढलाच नव्हता. ते तोंड त्या उजेडात फक्त एका माणसाने बघितलं होतं.

एक दिवस कडूबाईचा संयम सुटला. "तुमी तर म्होरं बसल्ते! तुमी बघून काढलं ना? मंग आठवत कसं न्हाई? बाप हाव का कोण हाव?"

इंद्रभान ब्रश पुसत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्या तिच्याकडं बघतच न्हवतो. ऊन जाऊन राह्यलं होतं. म्या उन्हाकडं बघत होतो."

कडूबाईने डोक्याला हात लावला. मी दुकानात काही काम नसताना दुकानात निघून गेलो. नवरा-बायकोच्या भांडणात मी सहसा नाक खुपसतो, पण हे भांडण नव्हतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. टेंभुर्णीला अंगदच्या घरी कीर्तन, जेवण ठरलं. अंगदने फोनवर फ्लेक्सचं चित्र पाठवलं, छापायला टाकलंय, नावं बघून घ्या म्हणून. 'प्रथम पुण्यस्मरण', दोन्हीकडे समया, आणि मधोमध तोच गुलाबी फोटो. अंगदचं काही चुकलं नाही, त्याच्याकडे दुसरा कुठला फोटो होता? कडूबाईने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि इंद्रभानला विचारलं, "ही कोनाची पोरगी हाय?"

मग म्हणाली, "चित्र न्यायचं. माझ्या लेकीच्या दिवसाला माझी लेक पायजे तिथं. कसं बी करा."

इंद्रभानने भिंतीचं एक चांगलं काम सोडलं आणि शेडमध्ये ठाण मांडलं. रोज काढायचा, रोज खरवडायचा. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो तर तो पुठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. दोरे सोडून टाकलेले. शालूने बोट ठेवून विचारलेला तो टिपका तो बघत होता. बघताबघता त्याने पाटीवर रंग कालवायला घेतले. विटकरी घेतला, त्यात निळ्याचं बोट, पिवळ्याचं टोक, पुन्हा विटकरी. पट्टीच्या टोकावर घेऊन टिपक्याशेजारी धरायचा आणि पुन्हा कालवायचा. शेवटी पट्टीवरचा रंग आणि पुठ्ठ्यावरचा टिपका एक झाले, कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते दिसेना. तो रंग त्याने जाड ब्रशवर घेतला आणि मोठ्या चित्रात तोंडाच्या जागी एकदाच ठेवला. तळहाताएवढा. ना नाक, ना डोळे.

"झालं शेठ. ह्याच्या म्होरं मला येत न्हाई."

"अरे, तोंड नसलेलं चित्र नेणार तू? लोक काय म्हणतील?"

"जे म्हनायचं ते म्हनतील. पर खोटं तोंड नेऊ वाटत न्हाई."

आम्ही चित्र दारात उन्हाला धरलं. कडूबाई आली. इतका वेळ बघत राहिली की माझे हात भरून आले. "रंग तिचा हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पर ती कुठंय?" इंद्रभानने चौकटीखालचा हात बदलला. मी तर रंगविक्या, मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच टेम्पोत चित्र घातलं. बाकी सगळं कधीच वाळलं होतं, फक्त ते तोंड ओलं. तैलरंग आहे, असा जाड लावला तर आठवडेच्या आठवडे वाळत नाही. इंद्रभान मागे बसून दोन्ही हातांनी चौकट धरून होता, धूळ बसू नये म्हणून वर ओढणीचा आडोसा केलेला. ओढणी शालूची होती. अंबड गेलं, जालना गेलं. जालन्यात त्या दवाखान्याच्या रस्त्यावरून जावं लागू नये म्हणून मी लांबून गाडी घेतली. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं.

टेंभुर्णीला मांडव भरला होता. फ्लेक्स लावलेला. अंगदने चित्र स्वतः उतरवून घेतलं, फ्लेक्सच्या शेजारी टेबलावर टेकवून उभं केलं आणि त्या तोंडाकडे बघून मान खाली घातली. इंद्रभान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "हात लावू नका, वलं हाय." लोक बघायचे, एकमेकांकडे बघायचे. एक म्हातारा मला म्हणालाच, "पेंटरचं काम अधुरं राह्यलं वाटतं." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहाला गेला.

कीर्तन झालं. सवाष्ण गेलेली पोर, म्हणून बाया हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उठल्या. एकेक जण फ्लेक्सवरच्या त्या गुलाबी कपाळाला बोट लावायची. फ्लेक्स गुळगुळीत, त्यावर कोरडं कुंकू धरतच नव्हतं. लावलं की घसरून खाली सांडायचं. खालच्या समईवर, हारावर, सगळीकडे लाल भुकटी झाली आणि कपाळ कोरडंच राहिलं. बायांना ते बघवत नव्हतं, त्या पुन्हापुन्हा लावत होत्या.

शेवटी कडूबाई उठली. तिने अनामिकेवर कुंकू घेतलं. फ्लेक्सपाशी थांबली नाही. सरळ चित्रापुढे गेली आणि त्या तळहाताएवढ्या रंगावर, जिथं कपाळ असतं तिथं, बोट टेकवलं.

"मामी, वलं हाय ते!" अंगद ओरडला.

बोट रुतलं होतं. कडूबाईने हात मागे घेतला तेव्हा रंगात खळगा पडला होता आणि त्या खळग्यात कुंकू बसलं होतं, पक्कं, सांडायचं नाव नाही. कित्येक महिने ती त्या शेडमध्ये बसलेली बाई, ओला रंग तिला माहीत नव्हता असं मी कसं म्हणू? पण लेकीच्या कपाळाला कुंकू लावायला गेलेल्या आईला रंग ओला की वाळलेला, हे कुठून सुचणार.

इंद्रभान पुढे आला. मला वाटलं आता हा खिशातून पट्टी काढणार आणि नेहमीसारखं खरवडणार. त्याचा हात उचललाही गेला. पण तो चित्राकडे बघत राहिला, आणि मग मीही बघितलं. कपाळ कुठं आहे ते आता ठरलं होतं. कपाळ ठरलं तशी मान वळली, हनुवटी खाली आली, नजर हातातल्या बोंडावर गेली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. डोळे काढलेले नव्हते आणि ती पोरगी खाली बघत होती.

"ही हाय," कडूबाई म्हणाली. "बघा, ही हाय. कापूस वेचून राह्यली."

आणि मग ती रडली. वर्षभर आम्ही तिला रडताना बघितलं नव्हतं, वाळून गेल्यासारखी झाली होती. इंद्रभान तिच्याशेजारी खाली मांडी घालून बसला. त्याने फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तोही रडला, सगळ्या व्याह्या-जावयांसमोर, लाज न धरता. माझं विचारू नका.

पुढे पानं मांडली. बायांच्या पंगतीत कडूबाईला आग्रह करून बसवलं. मी वाढायला होतो. बघतो तर तिच्या उजव्या हाताच्या बोटाला तो रंग पेरभर माखलेला. असला रंग पाण्याने, साबणाने जायचा नाही, जेवणार कशी ती? मला तेवढंच कळतं. मी टेम्पोतून टर्पेंटाइनची बाटली आणली, रुमालाला लावलं आणि तिच्यापुढे वाकून म्हटलं, "वहिनी, बोट द्या इकडं. एका मिनिटात निघतं."

तिने हात मागे घेतला आणि मूठ पदराखाली नेली.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "तिचाच रंग हाय."

ती डाव्या हाताने थोडंसं जेवली. मी रुमाल खिशात घातला आणि पुढच्या पानावर भात वाढायला गेलो.